दोन बोटं ढील

सलग नऊ दिवस त्या घरात दोन्ही वेळा अंडीच शिजत होती. उकडून, परतून, नुसती तव्यावर फोडून, आबांच्या म्हातारीला येत होते तेवढे सगळे प्रकार करून झाले होते. यात हौसेचा भाग काही नव्हता. रोज सकाळी गाडी बेकरीवर माल टाकून आली की दहा-पंधरा तडकलेली अंडी तिच्यातून परत यायची, आणि तडकलेलं अंडं विकता येत नाही की उन्हाळ्यात ठेवताही येत नाही. नवव्या दिवशी आबांनी ताट पुढे ओढलं, आत पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला. म्हातारी म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? तुमच्याच गाडीतून आलीत."

आबांनी अंडं मोडून तोंडात घातलं. गाडी त्यांचीच होती. जुनी, डिझेलवर चालणारी, कधीकाळी पांढरी असलेली. मागची सीट काढून तिथे फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यावर अंड्यांचे चाळीस ट्रे बसत. दीड हजार कोंबड्यांचं सगळं मुलगा आणि सून बघत. खाद्य, पाणी, साफसफाई, अंडी गोळा करणं. पण गाडी आबांची. मुलाने आयुष्यात एकदाच ती चालवली होती आणि थेट शेडच्या जाळीतून आत घातली होती. त्या दिवशी साठ कोंबड्या मोकाट सुटल्या, त्यातल्या तीन शेजाऱ्याच्या छपरावर सापडल्या. तेव्हापासून मुलगा गाडीला हात लावत नसे. धुवायलासुद्धा लांबून पाइप धरायचा.

आता झालं होतं असं की आबांचा डावा गुडघा हिवाळ्यापासून कुरकुरत होता. या गाडीचा क्लच पार खालपर्यंत दाबावा लागे. घरापासून बेकरीपर्यंत बारा किलोमीटर, मध्ये खाणीजवळचा मोठा चढ. आबांनी एकदा मोजलं होतं, जाताना एकतीस वेळा क्लच दाबावा लागतो. एकतीस वेळा गुडघ्यात सुई टोचल्यासारखी कळ. रात्री म्हातारी तेल चोळायची आणि तोंडाने चालूच असायची, पण तिलाही आबांनी सांगितलं होतं की हे नुसतं वाऱ्याने धरलंय. मुलाला तर ताकासही तूर लागू दिली नव्हती. कारण बोलणं कुठल्या वाटेने जाणार हे त्यांना पाठ होतं. गुडघ्यावरून डॉक्टर, डॉक्टरवरून विश्रांती, आणि विश्रांतीवरून "आबा, आता पुरे झालं." पाठीने जवाब दिल्यापासून त्यांना खाद्याचं पोतं उचलता येत नव्हतं, पिंजऱ्याखाली वाकता येत नव्हतं. बावीस वर्षं जिथे बसले ती ड्रायव्हरची सीट तेवढी उरली होती. तीही गेली, तर केर काढताना "आबा, जरा पाय वर घ्या" म्हणून सांगण्यापुरता माणूस घरात उरेल, अशी त्यांना मनापासून भीती वाटत होती.

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी, दुपारी सगळे उन्हाने आडवे झालेले असताना, आबांनी बॉनेट उघडलं आणि क्लचच्या केबलच्या टोकाला असलेला नट पान्याने दोन फेरे आवळला. लगेच फरक पडला. पेडल थोडं दाबलं की गिअर पडायला लागला, गुडघा पूर्ण हलवायची गरजच राहिली नाही. चार दिवसांनी आणखी एक फेरा, मग आणखी दोन. एकूण पाच. आपल्या हुशारीवर आबा इतके खूश झाले की त्या दिवशी शीळ घालत आंघोळीला गेले. केबल इतकी ताणली की पुढे काय होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण गैरसोयीची गोष्ट माणूस फार सोयीने विसरतो, आणि आबा त्यात मुरलेले होते.

त्यानंतर अंडी तडकायला लागली. सगळ्यांनी आधी दोष उन्हाला दिला. उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात, खात नाहीत, कवच पातळ पडतं, हे दर वर्षीचंच. सुनेने खाद्यात शिंपल्यांची पूड वाढवली. कोंबड्यांनी ती आनंदाने खाल्ली, अंड्यांची कवचं टणक झाली, आणि तरी मागून पंधरा अंडी तडकून आली. सून गप्प बसणारी नव्हती. शिवणकाम करणाऱ्या आईच्या हाताखाली वाढलेली. टाका कुठे सुटला ते शोधल्याशिवाय तिला झोप येत नसे. तिने सगळे ट्रे उतरवून पाहिले आणि आबांना विचारलं, "कवच पातळ असतं तर सगळीकडचीच फुटली असती. ही मागच्या दाराशी टेकलेल्या ट्रेमधलीच का फुटतात?"

आबा म्हणाले, रस्ता खराब आहे. रस्ता बावीस वर्षं खराब होता, पण सुनेने ते बोलून दाखवलं नाही.

दहाव्या दिवशी गाडीने जीव सोडला. माल मोजून द्यायला सून नेहमीसारखी शेजारी बसली होती. खाणीच्या चढापर्यंत गाडी कशीबशी आली. चढाला लागल्यावर आबांनी रेस वाढवली, इंजिन गुरगुरलं, मग ओरडायला लागलं, पण गाडी मात्र पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरकत होती. पुढे तेही सरकणं थांबलं. खालून जळक्या वासाची वाफ वर आली आणि दोघांच्या नाकाला झोंबली.

आबांनी हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिले. मानेवरून घाम ओघळत होता. सुनेने उतरून चाकांना दगड लावले, काही न विचारता मागचं दार उघडलं आणि ट्रे उतरवायला लागली. वीस ट्रे रस्त्याकडेच्या एका झाडाखाली मांडले. अर्ध्या मालावर गाडी रडतखडत चढ चढली, वर माल उतरवला, परत खाली येऊन उरलेला नेला. खाणीवरचे दोन कामगार हे सगळं चवीने बघत उभे होते. त्यातल्या एकाने विचारलं, "आबा, दुकान इथेच थाटलं का?" एरवी आबांनी त्याला चांगलं सुनावलं असतं. आज त्यांनी ट्रेवरचा कपडा सारखा केला आणि खाली बघून घेतलं.

बेकरीवर पोचायला सव्वा तास उशीर झाला. बेकरीवाला पिठाने माखलेल्या हातांनी दारातच उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं घमेलं रिकामं होतं आणि चार कामगार हातावर हात धरून बसले होते. आजचं चालवून घेतो, म्हणाला, पण उद्या सातला माल आला नाही तर दुसरीकडून घ्यावा लागेल; आणि तो दुसरा मग रोजचाच होईल, हेही त्याने शांतपणे सांगितलं.

दुपारी गॅरेजवाला आला. खिशात पाने, कानावर पेन्सिल, आणि गाडीशी बोलायची सवय. आबांना तो गुरूसारखा मानायचा, कारण लहानपणी पंक्चर काढायला त्याला आबांनीच शिकवलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. झटके बसतात, चढाला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. मग त्याने गाडी सपाट जागेवर घेतली, हँडब्रेक कचकून ओढला, तिसरा गिअर टाकला, थोडी रेस दिली आणि क्लच पूर्ण सोडला. क्लच धड असेल तर अशा वेळी इंजिन हिसका देऊन बंद पडायला हवं. ते बंद पडलं नाही. उभ्या गाडीत खुशाल गुरगुरत राहिलं.

"घसरतोय," गॅरेजवाला म्हणाला. "आबा, केबल पाहिलीत ना?"

मुलगा तिथेच उभा होता. सून दाराच्या चौकटीला टेकून होती. म्हातारी धान्य निवडता निवडता कान देऊन होती. आबांनी मानेवरचा घाम पुसला.

"पाहिली," ते म्हणाले. "ठीक आहे."

आबांनी पाहिली म्हटल्यावर गॅरेजवाल्याने परत बघण्याचा प्रश्नच नव्हता. मग क्लचची प्लेट गेली, त्याने निकाल दिला. गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, तीन दिवस तरी लागतील. जॅक आणि सामान घेऊन तो संध्याकाळी येणार होता. तो गेल्यावर मुलाने चप्पल पायाने उगाच इकडेतिकडे सरकवली आणि जे आबांना ऐकायचं नव्हतं तेच बोलायला सुरुवात केली. चौकातला टेम्पोवाला रोज यायला तयार आहे. ड्रायव्हर त्याचाच. नाहीतरी गाडी म्हातारी झाली, किती दिवस ढकलायची. आबांनाही पहाटे उठायची दगदग नको.

"मला दगदग होते असं कोण म्हणालं?" आबांनी विचारलं.

"कोणी नाही," मुलगा म्हणाला. तो मऊ स्वभावाचा होता आणि बापाशी वाद घालताना त्याच्या आवाजात कायम माफी असायची. "मी आपलं म्हणतो."

आबा उठले आणि शेडच्या पायरीवर जाऊन बसले. आत कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. आपणही तसेच दिसत असणार, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात सून गाडीकडे गेली. ट्रेवर टाकायचा ओला कपडा पुढच्या सीटखाली राहिला होता, तो काढायला ती वाकली आणि वाकल्या वाकल्या तिचा हात क्लचच्या पेडलवर पडला. कपडा तिथेच राहिला. तिने पेडल हाताने दाबून पाहिलं, सोडलं, पुन्हा दाबलं. गेल्या पावसाळ्यात अंगणात गोल गोल फिरवून आबांनीच तिला गाडी शिकवली होती, आणि पहिल्या दिवशी गाडी सुरू करायच्याही आधी तिला पेडलपाशी वाकायला लावलं होतं. दोन बोटं ठेव, म्हणाले होते. पेडल सुरुवातीला दोन बोटं तरी मोकळं हलायला हवं. ती ढील नसेल तर पाय काढला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, प्लेट धड धरत नाही, गाडी झटके देते आणि प्लेट घासून जळते. हे सांगताना आबा शाळामास्तरासारखे कमरेवर हात ठेवून उभे होते.

आता पेडलला दोन बोटं सोडाच, एका नखाचीही ढील नव्हती. हात लावल्या क्षणापासून ते ताठ होतं. मागच्या दारावर ट्रे कशामुळे आदळत होते तेही तिला कळलं. तिने बॉनेट उघडलं. केबलचं टोक गंजून तपकिरी झालं होतं, पण नटाच्या मागचे पाच आटे नव्या सुईसारखे चकचकीत होते. बावीस वर्षांच्या गंजात ते पाच आटे लांबूनसुद्धा दिसले असते.

सुनेने मान वर करून शेडच्या पायरीकडे पाहिलं. आबा डावा पाय सरळ पसरून बसले होते आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून होते. तिच्याकडे लक्ष गेल्यावर त्यांनी हात पटकन काढले.

ती येऊन त्यांच्या शेजारी बसली. मुलगा मागच्या शेडमध्ये पाणी सोडायला गेला होता. 

"आबा," ती हळू म्हणाली, "दोन बोटं कुठे गेली?"

आबांनी डोळे मिटले. खोटं बोलायला त्यांच्याजवळ एक-दोन चांगली वाक्यं तयार होती, पण ती ज्या मुलीला सांगायची तिला गाडी त्यांनीच शिकवली होती.

"गुडघ्याला दिली," ते म्हणाले.

सुनेला हसू आवरेना. तिने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायला लागले, आणि ते बघून आबांनाही हसू फुटलं. दोघं पोट धरून इतकी हसली की म्हातारी सूप हातात घेऊन बाहेर आली आणि हसण्यासारखं काय झालं ते विचारून, उत्तर न मिळाल्याने रागावून आत गेली. हसता हसता आबांचे डोळे भरून आले. ते त्यांनी घामाबरोबर पुसून टाकले.

मग सुनेने हळूच सुचवलं, नट आपण मागे घेऊ आणि गॅरेजवाल्याला सांगू की गंजून सरकला असेल. कुणाला काय कळतंय. आबांना हे ऐकून बरं वाटलं, खूप बरं वाटलं. पण त्यांनी मान हलवली.

"नट आपोआप सैल होतो, पोरी. आपोआप आवळलेला नट अजून कुणी पाहिला नाही. तो पोरगा गॅरेज चालवतो, त्याला मी असलं काही शिकवलं नाहीये."

पाना त्यांनी स्वतःच आणला. वाकताना गुडघ्याने बोंब मारली, तिला त्यांनी जुमानलं नाही. एक, दोन, तीन, चार, पाच फेरे उलटे. सुनेने आत बसून पेडलवर दोन बोटं ठेवली आणि खिडकीतून अंगठा दाखवला. मग तिनेच सेल्फ मारला, हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, रेस दिली आणि पाय काढला. गाडी थरथरली, पुढे झुकल्यासारखी झाली आणि इंजिन खाडकन बंद पडलं. बावीस वर्षांत गाडी बंद पडल्याचा आबांना इतका आनंद कधी झाला नव्हता.

ऊन उतरल्यावर गॅरेजवाला जॅक, सामानाची पेटी आणि चेहऱ्यावर काळजी घेऊन आला. मुलगा त्याला हात द्यायला पुढे झाला. आबा मध्ये उभे राहिले. म्हातारीलाही त्यांनी बाहेर बोलावून घेतलं, म्हणाले, एकदाच सांगणार आहे, दोनदा माझ्याने होणार नाही.

"केबल मी पाहिली नव्हती. मीच आवळली होती. गुडघा वाकत नाही माझा, तीन महिने झाले. मघाशी तुला खोटं सांगितलं."

 आबा जमिनीकडे बघत होते. कान तापले होते, आणि सत्तरीच्या माणसाला अशा वेळी नक्की कुठे बघायचं असतं ते त्यांना सुचत नव्हतं. गॅरेजवाला गाडीपाशी गेला, पेडलवर हात ठेवला, नट पाहिला, वाकून खाली वास घेतला. परत आला तेव्हा त्याचाच चेहरा पडला होता.

"चूक माझीही आहे, आबा," तो म्हणाला. "सगळ्यात आधी पेडलला हात लावायचा असतो. मी तुमच्या शब्दाला हात लावला." प्लेटने मार खाल्लाय, पण संपलेली नाही, असं त्याने सांगितलं. नीट वापरली तर उन्हाळा आणि पावसाळा सहज निघेल, मग शांतपणे बदलू. नीट म्हणजे प्रत्येक वेळी पार खालपर्यंत दाबून, हे सांगताना त्याने आबांच्या गुडघ्याकडे न बघायची काळजी घेतली.

म्हातारीने तेवढी काळजी घेतली नाही. वाऱ्याने धरलंय म्हणून मला तीन महिने तेल चोळायला लावलं, असं म्हणून तिने जी तोफ डागली ती चहा होईपर्यंत थांबली नाही.  मुलाने आतून एक पाट आणला, आबांच्या पायाखाली सरकवला आणि विचारलं, "मग उद्या सातला माल कोण नेणार? टेम्पोवाल्याला निरोप देऊ?"

आबांनी खिशात हात घातला. किल्लीला बांधलेली नायलॉनची दोरी घामाने काळी पडली होती. ती त्यांनी बोटाला गुंडाळली, सोडवली, पुन्हा गुंडाळली. मग सुनेसमोर हात केला.

"ही नेईल," ते म्हणाले. "अंगणात चालवतेच, रस्ता काही वेगळा नसतो. मी शेजारी बसेन. चढ मी सांगेन तसा घ्यायचा."

मुलाने बायकोकडे पाहिलं. त्याला जाळी आणि साठ कोंबड्या आठवल्या असाव्यात. पण तिने किल्ली घेऊनही टाकली होती.

सकाळी सव्वासहाला गाडी निघाली. चाळीस ट्रे मागे, सून स्टिअरिंगवर, आबा डाव्या बाजूला. बावीस वर्षांत या सीटवर ते पहिल्यांदा बसत होते आणि तिथून रस्ता भलताच अरुंद दिसत होता. हातांचं काय करायचं ते त्यांना समजेना. म्हणून वरच्या ट्रेमधलं एक अंडं उचलून त्यांनी मुठीत धरलं. सुनेने विचारलं तेव्हा म्हणाले, ही परीक्षा आहे; झटका बसला तर मला लगेच कळेल.

सून चालवत होती आणि आबांचा डावा पाय प्रत्येक गिअरला आपोआप खाली दाबत होता. तिथे पेडल नव्हतं, नुसता पत्रा होता. गुडघ्यात कळ यायची आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की ही कळ आता फुकटची आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर पाय गप्प झाला. चढ जवळ आला तसे ते सरसावून बसले. आता सांगायचं, आधीच दुसरा गिअर टाक, रेस तुटू देऊ नको, क्लच पार खाली. त्यांनी तोंड उघडलं तेवढ्यात सुनेने दुसरा गिअर टाकलाही होता. आवाज न होता, लोण्यात सुरी जावी तसा. गाडी चढाला लागली. इंजिनाचा आवाज भरला, आणि त्या आवाजाबरोबर गाडीही वर निघाली. खाणीवरचे ते दोघे कामगार रस्त्याकडेला उभे होते. त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या आबांकडे, आणि एकाने हात वर केला. आबांचं तिकडे लक्षच नव्हतं.  हिने मला एक शब्द विचारला नाही, असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, विचारेल कशाला, सगळं सांगून झालंय तिला. त्यात दुःख किती आणि अभिमान किती हे त्यांना चढ संपेपर्यंत ठरवता आलं नाही.

सात वाजायला दहा मिनिटं असताना गाडी बेकरीच्या दारात उभी राहिली. बेकरीवाल्याने ड्रायव्हर बदललेला पाहिला आणि तो ट्रे उतरवून घ्यायला लागला. मागच्या दाराशी टेकलेले ट्रे त्याने एक एक करून उजेडात धरले. एकही अंडं तडकलेलं नव्हतं. शेवटच्या ट्रेशी तो थांबला.

"यात एक कमी आहे."

सुनेने आबांकडे पाहिलं. आबा अजून गाडीतच बसले होते, मूठ मांडीवर ठेवून. बोटांमधून पिवळा बलक मनगटाकडे ओघळत होता आणि धोतराला मोठा डाग पडला होता. कधी फुटलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. झटका तर एकदाही बसला नव्हता.

"हे गाडीने फोडलेलं नाही," आबा म्हणाले. "हे मी फोडलं."

सुनेने पाणी आणून त्यांच्या हातावर ओतलं. त्यांनी हात धुतले, धोतराला पुसले, आणि परत जाताना कुणी न सांगता पुन्हा डाव्या बाजूला जाऊन बसले.